वॉटसन हॉटेल (एस्प्लनेड मॅन्शन): ताजने मारलं की आपण मरू दिलं?

किल्लेकर

जहांगीर आर्ट गॅलरीसमोर आधी एल्फिन्स्टन कॉलेज, त्याला लागून डेव्हिड ससून लायब्ररी, मग आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आणि त्याच रांगेत पुढे एक पाच मजली, रंग उडालेली, रिकामी इमारत आहे. हीच एस्प्लनेड मॅन्शन. काळाघोडा फेस्टिव्हलला जाणारे शेकडो लोक तिच्याखालून जातात, पण हे एकेकाळी मुंबईतलं सगळ्यात महागडं हॉटेल होतं हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

थोडी पार्श्वभूमी देतो. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्याच सुमारास मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांनी किल्ल्याचे तट पाडायला घेतले आणि एस्प्लनेडवर, म्हणजे किल्ल्यासमोरच्या मोकळ्या मैदानावर, प्लॉट विक्रीला निघाले. त्यातला एक जॉन हडसन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्याने घेतला. आधी बेत दुकान, कचेरी आणि वर राहायच्या जागा असा होता, पुढे त्याचं हॉटेल झालं. आराखडा रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज इंजिनिअरचा. लोखंडाचा अख्खा सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून, जहाजाने मुंबईला आणून इथे जोडला. १८६७ ते १८६९ मध्ये बांधकाम झालं आणि १८७१ मध्ये हॉटेल सुरू झालं. १३० खोल्या, मधोमध काचेच्या छताचा चौक, चहूबाजूंनी लाकडी गॅलऱ्या.

आणि आज? लोक बाहेर काढलेले, गॅलऱ्या खचलेल्या, पाडायची की राखायची यावर वाद.

‘जमशेटजींना वॉटसनमध्ये शिरू दिलं नाही म्हणून त्यांनी ताज बांधलं आणि वॉटसन बुडालं’ ही गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय. ती मला अर्धवट वाटते. हॉटेल बंद होणं ही एक घटना, इमारतीची दुर्दशा ही वेगळी घटना, आणि दुसरीचा दोष पहिलीवर ढकलून आपण सगळे सुटतो असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं? कुणाचा या इमारतीशी संबंध आला असेल तर जरूर लिहा.

चाफेकळी

रुमाल टाकून जागा धरून ठेवतेय. एल्फिन्स्टनला होते, रोज त्या इमारतीखालून चर्चगेटला जायचे. आमच्यासाठी ती फक्त ‘झेरॉक्सवाली बिल्डिंग’ होती.

तिसरी घंटा

सिनेमावाल्यांसाठी ही इमारत म्हणजे तीर्थक्षेत्र आहे. ७ जुलै १८९६ रोजी भारतातला पहिला सिनेमा याच वॉटसन हॉटेलात दाखवला गेला. ल्युमिएर बंधूंचा माणूस मारियूस सेस्टिए ऑस्ट्रेलियाला निघाला होता आणि वाटेत मुंबईत थांबला. टाइम्समध्ये जाहिरात आली. तिकीट एक रुपया, खेळ संध्याकाळी सहा, सात, नऊ आणि दहाला, आणि एका खेळात सहा छोट्या फिल्म. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून सुटलेले कामगार, समुद्रस्नान, पाडली जाणारी भिंत. पॅरिसच्या पहिल्या जाहीर खेळाला जेमतेम सहा महिने झाले होते! म्हणजे सिनेमा मुंबईत उशिरा आला असं कुणी म्हणूच शकत नाही.

आठवडाभरात हे खेळ नॉव्हेल्टी थिएटरात गेले. तिथे चार आण्यांपासून दोन रुपयांपर्यंत तिकिटं होती आणि पडदानशीन बायकांसाठी वेगळे बॉक्स ठेवले होते. खरा मुंबईकर प्रेक्षक सिनेमाला तिथे मिळाला.

आणि मराठी माणसासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, आपले सावेदादा. ते फोटोग्राफर होते. हा नवा प्रकार पाहून त्यांनी इंग्लंडहून कॅमेरा मागवला आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली. पुढे रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले तेव्हा त्यांच्या स्वागताचंही चित्रण त्यांनी केलं. फाळक्यांच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. त्या इमारतीवर याची साधी ठळक पाटी नसावी याचं मला मनापासून वाईट वाटतं.

स्पष्टवक्ता

धागा चांगला आहे, पण मी वेगळा सूर लावतो. ज्या हॉटेलात आपल्या माणसाला पाहुणा म्हणून प्रवेश नव्हता, त्याच्यासाठी आपण का हळहळायचं? वॉटसन गोऱ्यांसाठीच होतं, याबद्दल तरी वाद नाही ना? आपली माणसं तिथे होती ती पंखा ओढायला आणि बूट पुसायला. माझे पणजोबा गिरणीत होते. त्यांच्या चाळी पडल्या तेव्हा जागतिक वारसा वगैरे कुणी बोललं नाही. मुंबईत राहायला जागा नाही आणि आपण साहेबाच्या हॉटेलाचं लोखंड जपायच्या गोष्टी करतोय.

आबा गिरगावकर

स्पष्टवक्ता यांच्याशी सहमत. आमच्या वडिलांनी सांगितलेली गोष्ट आहे. जमशेटजी टाटा परदेशी पाहुण्याला घेऊन वॉटसनमध्ये गेले, दारवानाने अडवलं. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, याच्यापेक्षा मोठं हॉटेल बांधीन. बांधलं आणि वॉटसनला टाळं लागलं. अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे, तिला अर्धवट का म्हणायचं?

किल्लेकर

आबा, जमशेटजींबद्दल अभिमान मलाही तुमच्याइतकाच आहे. म्हणूनच त्यांनी एवढं मोठं काम एका दारवानावरच्या रागातून केलं असं म्हणणं मला त्यांच्यावर अन्याय वाटतो.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत प्लेग सापडला आणि पुढची काही वर्षं मुंबईची दैना झाली. लोक शहर सोडून पळाले, व्यापार बसला. अशा काळात, १८९८ च्या सुमारास जमशेटजींनी अपोलो बंदरावर जागा घेतली आणि आपल्या खिशातले पैसे घातले. टाइम्सचे संपादक लोव्हॅट फ्रेझर त्यांचे स्नेही होते. जमशेटजींना हॉटेलमालक व्हायची हौस नव्हती, लोक भारतात यावेत एवढीच इच्छा होती, असं फ्रेझर यांनी म्हटलंय. अडवल्याची गोष्ट बऱ्याच अभ्यासकांना पटत नाही, आणि काही जण तर ती वॉटसनऐवजी दुसऱ्याच हॉटेलच्या नावावर सांगतात.

वॉटसनचं गोरेपण मी नाकारत नाही. स्पष्टवक्ता यांचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे.

पण ताज १६ डिसेंबर १९०३ ला उघडलं आणि वॉटसनला दुसऱ्या दिवशी टाळं लागलं, असं काही झालं नाही. ते पुढेही चालू होतं. ताजमध्ये वीज होती, विजेचे पंखे होते, लिफ्ट होती, तुर्की स्नानगृहं होती, आणि समोर थेट बंदर. बोटीतून उतरलेला प्रवासी काळाघोड्यापर्यंत कशाला येईल? गिऱ्हाईक हळूहळू तिकडे वळलं. धंद्यातली ही नेहमीची हार-जीत आहे. हॉटेल बंद पडलेल्या पण इमारत धडधाकट असलेल्या कितीतरी जागा जगात आहेत.

आबा गिरगावकर

आमचे वडील उगाच नाही सांगायचे. असो. ताजचा मूळ आराखडा मराठी माणसाचा, एवढं तरी लिहा!

किल्लेकर

अगदी आनंदाने लिहितो. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी ताजचा आराखडा केला. वैद्य काम पूर्ण व्हायच्या आत गेले आणि पुढचं काम डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी तडीस नेलं. वैद्यांचं नाव मुंबईत आणखी ठळकपणे घेतलं जायला हवं.

पुस्तककिडा

१८९६ हे वर्ष वॉटसनसाठी जबरदस्तच म्हणायचं. जुलैत सिनेमा, पण त्याआधी जानेवारीत मार्क ट्वेन तिथे उतरला होता. व्याख्यानं देत जगभर फिरत होता तेव्हा. त्याच्या प्रवासवर्णनात मुंबईच्या कावळ्यांवर अफलातून मजकूर आहे. गॅलरीच्या कठड्यावर बसून कावळे त्याच्याकडे बघतात आणि त्याचे कपडे, केस, रंग, हा इथे कसा आला, कसा अजून मोकळा फिरतोय, यावर आपसात चर्चा करतात. वॉटसनच्या त्या लाकडी गॅलऱ्या कशासाठी होत्या हे त्यातून समजतं. पाहुण्याचा निम्मा दिवस तिथेच जायचा.

स्पष्टवक्ता यांच्या मुद्द्याला धरून सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट त्याच पुस्तकात आहे. खोली दाखवायला एक धिप्पाड जर्मन सोबत येतो, तीन-चार नोकर असतात. व्हरांड्याचं दार नीट लागत नसतं. एक नोकर गुडघ्यावर बसून ते दुरुस्त करायला लागतो. त्याचं काम ठीक चाललेलं असतं, पण तो जर्मन चूक काय ते न सांगताच त्याच्या जबड्यावर फटका मारतो. नोकर मुकाट्याने सहन करतो. ट्वेन लिहितो की, अशी गोष्ट त्याने पन्नास वर्षांत पाहिली नव्हती. त्याला एकदम आपलं बालपण आठवलं, जिथे गुलामाला काय हवं ते सांगायची हीच रीत होती.

मी ते वाचून सुन्न झालो होतो. हा प्रसंग त्याच छताखाली घडला आहे आणि तोही त्या इमारतीच्या इतिहासात यायला हवा.

स्पष्टवक्ता

पुस्तककिडा, हे माहीत नव्हतं. लिहिल्याबद्दल आभार. पाटी लावायचीच असेल तर सावेदादांबरोबर त्या नोकराचाही उल्लेख असावा. त्याचं नाव कुणी लिहून ठेवलं नाही, पण मार खाल्ल्याची नोंद आहे.

मावळतीकर

+१. पाटीची कल्पना आवडली.

ओतीव

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, जुन्या इमारतींच्या तपासणीत आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाहुणे कोण आले-गेले हे बाजूला ठेवा. ही इमारत मोलाची आहे ती तिच्या सांगाड्यामुळे. त्या काळी पाच मजली इमारत म्हटलं की जाड भार पेलणाऱ्या भिंती. खालच्या मजल्यावर भिंत एवढी जाड की खिडकीत माणूस झोपेल. वॉटसनमध्ये भार लोखंडी खांब आणि तुळयांवर आहे, विटांच्या भिंती नुसत्या मधल्या जागा भरायला. आज आपण जे आरसीसी फ्रेमचं बांधकाम सगळीकडे करतो त्याचं तत्त्व हेच. १८६९ मध्ये हे करून दाखवणाऱ्या इमारती जगात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. भारतात तर अशी याहून जुनी बहुमजली इमारत शिल्लकच नाही.

आता ती खचली का? बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दाबाला फार चांगलं. खांबावर वरून भार आला तर ते पिढ्यानपिढ्या उभं राहील. ताणाला मात्र कच्चं. पोलाद आधी वाकतं, आवाज करतं, सूचना देतं. बीड सूचना न देता तडकतं. त्यामुळे अशा इमारतीत तीन गोष्टी डोळ्यांत तेल घालून बघाव्या लागतात: भार वाढला का, पाणी कुठे मुरतंय, आणि जोड सैल झाले का.

इथे नेमक्या तिन्ही बाबतीत हेळसांड झाली. हॉटेलच्या मोठ्या खोल्यांत पार्टिशनं टाकून लहान खोल्या केल्या, त्यांत पोटमाळे चढवले, पोटमाळ्यांवर कागदांचे गठ्ठे, पाण्याच्या टाक्या. चौकाचं काचेचं छत गेलं, पाऊस आत. लाकडी गॅलऱ्यांच्या कडा कुजल्या, त्यांना आधार देणाऱ्या जोडांत पाणी शिरलं. समुद्राची खारी हवा आहेच. कुणी मोरी हलवली, कुणी भिंत फोडून एसी बसवला. प्रत्येकाने आपापल्या खोलीपुरता विचार केला, पण सांगाडा मात्र सगळ्यांचा एकच होता.

दर पावसाळ्याआधी गळती बंद करून जोड तपासून रंग दिला असता तर आज हा धागा निघाला नसता.

डार्बीकर

मी कामानिमित्त इंग्लंडात डार्बीजवळ राहतो, त्यामुळे हा धागा वाचून उडालोच. वॉटसनचं लोखंड डार्बीच्या फिनिक्स फाउंड्रीत ओतलेलं आहे! ऑर्डिशही इथलाच, डार्बीशरमधल्या मेलबर्न गावचा. क्रिस्टल पॅलेसच्या कामात तो होता. लंडनचा अल्बर्ट ब्रिज त्याचा. आणि सेंट पॅनक्रास स्टेशनचं ते प्रचंड एककमानी छत, सुमारे २४० फूट रुंद, मध्ये एकही खांब नाही, त्यात विल्यम बार्लोबरोबर ऑर्डिशचा हात आहे.

आता गंमत बघा. सेंट पॅनक्रास १८६८ चं, वॉटसन त्याच्याच पाठचं. दोन्हींत एकाच माणसाचं डोकं. १९६० च्या दशकात सेंट पॅनक्रासही पाडायला निघाले होते. लोकांनी आरडाओरडा केला, स्टेशन वाचलं, आणि आज तिथून पॅरिसला जाणाऱ्या गाड्या सुटतात. त्या छताखाली उभं राहिलं की मला हमखास काळाघोडा आठवतो. इथे त्याच माणसाच्या कामाला लोक माना वर करून बघतात आणि आपल्याकडे त्याच्यावर वडाची रोपं उगवतात. फार लागतं मनाला.

चाफेकळी

त्या काळी वॉटसनमध्ये लोखंड इंग्लंडचं, विटा इंग्लंडच्या, फरश्या इंग्लंडच्या, वाढपी मुलीसुद्धा इंग्लंडच्या होत्या म्हणे. म्हणून मुंबईकर म्हणायचे, वॉटसनने तिथली हवाही आणायला हवी होती! मे महिन्यात दादर स्टेशनवर उभं राहून मीही हेच म्हणते. 😄

मी पुणेकर

पुण्याची हवा मागवा, जवळ पडेल.

चाफेकळी

पुण्याची हवा दुपारी एक ते चार बंद असते.

काळा कोट

हा हा! चाफेकळी, जिंकलात.

मी वकील आहे. सेशन्स कोर्ट हाकेच्या अंतरावर असल्याने एस्प्लनेड मॅन्शन वकिलांनी भरलेली असायची. माझ्या सीनियरांचं चेंबर तिथे होतं, माझी सुरुवातीची वर्षं त्या जिन्यांवर गेली. खाली इराणी, टायपिस्ट, नोटरी, झेरॉक्स. वर लाकडी पार्टिशनांची वारुळं. दिवसा ट्यूबलाइट लावल्याशिवाय ब्रीफ वाचता यायचं नाही, पण मान वर केली की खांबाचा सुरेख कोरीव माथा दिसायचा. २०१९ पर्यंत पन्नासेक कुटुंबं आणि शंभरच्या आसपास कचेऱ्या, दुकानं तिथे होती.

ओतीव साहेब म्हणतात तशी डागडुजी का झाली नाही, याचं उत्तर कायद्यात आहे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं पूर्ण नाव फारसं कुणी वाचत नाही: बॉम्बे रेंट्स, हॉटेल अँड लॉजिंग हाउस रेट्स कंट्रोल अ‍ॅक्ट. या कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतर आणि फाळणीनंतर मुंबईत माणसांचा लोंढा आला होता, घरमालक वाटेल ते मागत होते. तेव्हा हा कायदा हवाच होता. पण तात्पुरता म्हणून आणलेला कायदा मुदतवाढ घेत घेत पन्नास वर्षं चालला. भाडं तेच, सिमेंट-मजुरी शंभरपट. मालक म्हणणार, एवढ्या भाड्यात दुरुस्ती कुठून करू? भाडेकरू म्हणणार, पागडी (भाड्याची जागा घेताना द्यायची एकरकमी रक्कम) मोजून आलोय, दुरुस्ती मालकाने करावी. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की गोठवलेलं भाडं आता न्याय्य राहिलेलं नाही. मग १९९९ चा नवा कायदा आला, वर्षाला ४ टक्के वाढ मिळाली. मूळ आकडाच इतका किरकोळ की त्याचे ४ टक्के म्हणजे चहा-बिस्किटांचा खर्च.

ही एका इमारतीची कथा नाही. गिरगाव, काळबादेवी, भुलेश्वर, सगळीकडे हेच. म्हणून किल्लेकरांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. ताजने वॉटसनचं गिऱ्हाईक नेलं. इमारतीची माती त्यानंतर झाली, आणि ती आपल्या कायद्याने, आपल्या मालकांनी, आपल्या भाडेकरूंनी केली. त्यात मी आणि माझे सीनियरही आलो.

दुसरा मजला

बरेच दिवस नुसतीच वाचक होते, आज लिहितेय. माझ्या आत्याचं सासर त्या इमारतीत होतं. सुट्टीत राहायला जायचो. बाहेरच्यांना वाटतं भाडेकरू म्हणजे फुकटात मोक्याची जागा अडवून बसलेले. एक खोली, सामायिक संडास, पावसात भांडी मांडून ठेवायची. आतोबा आणि शेजारचे मिळून वर्गणी काढून गळती बंद करायचे. मालकाकडे अर्ज केले तर उत्तर यायचं नाही. स्वतःहून काही मोठी दुरुस्ती करायला गेलं की हेरिटेज आहे, परवानगी आणा. परवानगी मागायला गेलं की मालकाची सही आणा. काय करायचं माणसाने?

२००५ च्या पावसाळ्यात गॅलऱ्यांचा भाग कोसळला, एक माणूस गेला. त्या दिवसानंतर आत्या गॅलरीत कपडे वाळत घालायची बंद झाली. तरी तिथेच राहिली, कारण जायचं कुठे? २०१९ मध्ये कोर्टाच्या आदेशाने सगळ्यांना बाहेर काढलं. इतकी वर्षं फोर्टात राहिलेली माणसं उपनगरांत विखुरली. इमारत वाचावी असं मलाही वाटतं, पण वाचवायच्या चर्चेत आम्ही नेहमी शेवटी येतो.

काळा कोट

दुसरा मजला, तुमचं म्हणणं रास्त आहे. मी दोन्ही बाजू म्हटल्या, पण चेंबरवाला वकील आणि कुटुंब यांना एका मापाने मोजणं बरोबर नाही.

स्पष्टवक्ता

दुसरा मजला यांची पोस्ट या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची पोस्ट आहे. हेच मी म्हणत होतो.

बोरीबंदर

थोडं अवांतर. काळा घोडा म्हणतो तो मूळ घोडा कुठे गेला हे तरुण मंडळींना माहीत नसेल. तो प्रिन्स ऑफ वेल्सचा अश्वारूढ पुतळा होता, अल्बर्ट ससून यांनी दिलेला. १९६५ मध्ये तो हलवून राणीच्या बागेत नेला. म्हणजे कितीतरी वर्षं काळाघोड्याला घोडाच नव्हता! २०१७ मध्ये स्वाराविना नुसता घोडा बसवला.

आबा गिरगावकर

साहेब उतरवला, घोडा ठेवला. हे एकदम पसंत!

स्पष्टवक्ता

आबा, खरं आहे. वॉटसनचंही असंच करता येत असेल तर माझा विरोध नाही.

तिसरी घंटा

अवांतरातून धाग्याच्या सगळ्यात चांगल्या मुद्द्यावर आलात की दोघे! गिरगावच्या रॉयल ऑपेरा हाउसचं उदाहरण आहेच. १९११ चं, ९० च्या दशकात बंद पडलं, छत गळत होतं. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाच्या धोक्यातल्या वास्तूंच्या २०१२ च्या यादीत ते होतं. वॉटसन त्याच संस्थेच्या २००६ च्या यादीत, तेही रेंझो पियानोसारख्या जगप्रसिद्ध वास्तुकाराच्या पुढाकाराने. म्हणजे वॉटसनची दखल आधी घेतली गेली. तरी ऑपेरा हाउस २०१६ मध्ये दिमाखात उघडलं आणि वॉटसन तिथेच. असं का?

काळा कोट

ऑपेरा हाउसला एकच मालक, गोंडलचं राजघराणं, आणि आत कुणी राहत नव्हतं. निर्णय एका घरात झाला, पैसे एका खिशातून आले. भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाचंही तसंच. मालकी महापालिकेची, पाठीशी इनटॅक ही वारसा जपणारी संस्था आणि एक खासगी प्रतिष्ठान, म्हणून काम तडीस गेलं आणि युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. वॉटसनमध्ये दीडशे हक्कदार, मालक, म्हाडा, हेरिटेज समिती आणि कोर्ट. एकाने होकार दिला की दुसऱ्याची हरकत तयार.

मावळतीकर

मग आता पाडणार का? पेपरात वाचल्यासारखं आठवतंय.

किल्लेकर

२०१९ मध्ये आयआयटी मुंबईच्या अहवालात इमारत दुरुस्तीपलीकडे गेली आहे, पाडावी, असा निष्कर्ष होता. हेरिटेज समितीने आणि संवर्धनाचं काम करणाऱ्या वास्तुकारांनी त्याला विरोध केला. त्याच्या आदल्याच वर्षी हा सगळा परिसर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला होता. एका वर्षी मिरवायचं आणि दुसऱ्या वर्षी पाडायची भाषा करायची, हे पचत नाही.

ओतीव, तुमचं मत? खरंच वाचण्यापलीकडे गेली आहे का?

ओतीव

मी ती इमारत आतून तपासलेली नाही, त्यामुळे निकाल देणार नाही. तत्त्व सांगतो.

आरसीसीची इमारत आतल्या सळया गंजल्या की संपते, कारण सळई बाहेर काढून बदलता येत नाही. वॉटसनचा सांगाडा सुट्या भागांचा आहे. तिकडे ओतले, खुणा केल्या, इथे बोल्टने जोडले. जे जोडून उभं केलं ते टप्प्याटप्प्याने टेकू देऊन सोडवता येतं, तडकलेला भाग तेवढा बदलता येतो. खर्च भरपूर, कारागीर थोडे, वेळ लागेल. पण ‘अशक्य’ आणि ‘महाग’ यात फरक आहे आणि अहवाल वाचताना लोक तो विसरतात.

क्रम असा हवा. आधी वाढीव भार उतरवायचा: पोटमाळे, टाक्या, नंतर घातलेल्या भिंती. इमारत रिकामी असल्याने हे आत्ताच शक्य आहे. मग छत झाकून पाणी थांबवायचं. मग एकेक खांब, एकेक जोड तपासून नकाशावर मांडायचा. त्यानंतरच पाडायचं की राखायचं यावर बोलावं. आधी निकाल आणि मग तपासणी, हा उलटा कारभार झाला.

आणि त्यातले काही मजले परत जुन्या रहिवाशांना द्यायलाच हवेत. कायम राहणारं माणूस असलं की गळती पहिल्याच दिवशी लक्षात येते. संग्रहालयाच्या कर्मचाऱ्याला ती सोमवारी कळते.

दुसरा मजला

ओतीव, हे वाचून बरं वाटलं. आत्याला दाखवते. तिच्याकडे गॅलरीतून काढलेले दोन-तीन जुने फोटो आहेत, लाकडी कठडा आणि बिडाचे कंस स्पष्ट दिसतात. तुम्हाला जोडांच्या अभ्यासासाठी उपयोगी पडतील का?

ओतीव

नक्कीच. शक्य तेवढ्या जास्त रिझोल्यूशनवर स्कॅन करा, आणि फोटो साधारण कोणत्या वर्षीचा आणि कोणत्या बाजूच्या गॅलरीतला, एवढं आत्याला विचारून मागे लिहून ठेवा. कंसाची मापं त्यावरून काढता येतात.

डार्बीकर

फिनिक्स फाउंड्रीचे काही जुने कागद इथल्या अभिलेखागारात मिळतात का ते बघतो. मिळाले तर याच धाग्यावर टाकेन. किल्लेकर, तोवर शीर्षकातला प्रश्न माझ्यापुरता सुटला: दुसरा पर्याय.